प्रतिसाद: आयुष्मान कार्ड आणि चष्म्याचा नंबर
आपल्या आईंच्या चष्म्याचा नंबर आयुष्मान कार्डावर तपासून देणारा ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासून चष्म्याचा नंबर ठरवणारा तज्ज्ञ) कुठे मिळेल, असे आपण विचारले आहे. तो शोधणे बहुधा व्यर्थ ठरेल, कारण हे कार्ड ज्या आयुष्मान भारत योजनेचे आहे, ती योजना कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देत असली, तरी ते रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी असून बाह्यरुग्ण तपासणी आणि चष्मा त्यात येत नाहीत. त्याऐवजी जवळच्या उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी कोणत्या दिवशी बसतात, याची आधी चौकशी करावी. तिथे नंबर तर तपासला जातोच, शिवाय मोतीबिंदूची शंका आल्यास पुढे शस्त्रक्रियेसाठी पाठवले जाते. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात ज्येष्ठांना जवळच्या नजरेचा चष्मा मोफत देण्याची तरतूद आहे, पण (माझा अनुभव असा, की) आपण होऊन विचारल्याशिवाय ती कोणी सांगत नाही.