फोडलेली फरशी ही कला कशी?

सायली_ठाणे: जर्मन कलाकार हान्स हाकेची 'जर्मेनिया' ही कलाकृती वर्गात फोटोतून पाहिली. व्हेनिस बिएनाले हे आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन, १९९३, तिथलं जर्मनीचं स्वतंत्र दालन. आत नुसती फोडलेली फरशी आणि भिंतीवर ते नाव. यात एवढं काय आहे?

भटक्या: सायली, दारापासून सुरुवात करा. समोर हिटलरचा फोटो, १९३४ मध्ये तो बिएनालेला आला होता तेव्हाचा. दारावर एका मार्काच्या (तेव्हाचं जर्मन चलन) नाण्याची मोठी प्रतिकृती, नाणं १९९० चं, म्हणजे पूर्व-पश्चिम जर्मनीच्या एकीकरणाच्या वर्षाचं. आत गेलं की लाद्यांचे तुकडे पायाखाली डुगडुगतात, खडखडतात. धड चालता येत नाही. नाझींनी १९३८ मध्ये या दालनाचा कायापालट करून सत्तेला शोभेल असा थाट दिला होता. हाकेने त्याच इमारतीची जमीन उखडली. मला हे फार धाडसाचं वाटतं.

रेवदंडेकर: हाकेला जर्मनीनेच बोलावलं होतं, मग धाडस कसलं?

भटक्या: म्हणूनच तर! देशाच्या नावाने मिळालेली जागाच फोडली. आदल्याच वर्षी जर्मनीतल्या रोस्टॉक शहरात व्हिएतनामी कामगार राहत असलेल्या इमारतीला जमावाने आग लावली होती. अशा वेळी नुसता एकीकरणाचा जल्लोष कसा करायचा? दालनाला त्या वर्षी बिएनालेचा गोल्डन लायन पुरस्कार मिळाला, हाके आणि त्याच दालनातला दुसरा कलाकार नाम जून पाइक, दोघांना मिळून.

सायली_ठाणे: नाण्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. पाइकवरही लिहा ना.