सेफ्टी बुटात मोजे कोणते?

प्रश्न (मकरपुरा जीआयडीसी, वडोदरा): दहा तास सेफ्टी बूट पायात असतात. सुती मोजे दुपारपर्यंत ओलेचिंब, टाचेला फोड. काय घ्यावं?

उत्तर: दादा, निव्वळ सुती नकोच. सूत घाम पितं, पण लवकर वाळत नाही. ओली कातडी घासली की फोड आलाच. ६०-७० टक्के मेरिनो लोकर (मेरिनो मेंढीची बारीक, मऊ लोकर) आणि बाकी नायलॉन, थोडं इलॅस्टेन (ताणला जाणारा धागा) असे घ्या. पातळ लोकर आपल्या उन्हाळ्यातही चालते. नायलॉनमुळे टाच लवकर विरत नाही. मोजा बुटाच्या काठापेक्षा दोन बोटं उंच हवा. आणि घेताना उलटा करून बोटांवरची शिवण चाचपा. बुटाच्या पुढच्या स्टीलच्या टोपीखाली जाड शिवण फार बोचते.

उत्तर: जेवणाच्या सुट्टीत मोज्यांचा जोड बदला. धुताना सॉफ्टनर नको, घाम शोषणं कमी होतं.