कळसूबाईच्या वाटेवर पावसाळ्यात संख्येची मर्यादा घालावी का?

सह्यवाट (धागालेखक)

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर म्हणून कळसूबाईचे नाव आपण प्रत्येकाने शाळेच्या भूगोलात वाचलेले असते. १६४६ मीटर ही उंची हिमालयाच्या हिशेबात किरकोळ असली, तरी पायथ्याच्या बारी गावातून ८०० मीटरहून अधिक चढ चढावा लागतो. अवघड कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवल्यापासून चालण्याची सवय असलेल्या कुणालाही ही वाट झेपते. मान सर्वोच्च शिखराचा आणि वाट सामान्य माणसाच्या आवाक्यातली, अशा दोन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी तिथे जी झुंबड उडते, ती आता काळजी करण्याइतकी वाढली आहे.

काळजीचे खरे ठिकाण या शिड्या आहेत. मुंबई-पुण्याहून रात्री सुटणाऱ्या बहुतेक गाड्या मध्यरात्रीनंतर बारीत पोहोचतात, सगळे गट सूर्योदय गाठायचा म्हणून साधारण एकाच वेळी चढायला लागतात आणि अंधारात, पावसात, एकामागोमाग एक शिडीच्या पायथ्याशी येऊन थांबतात. शिडी एकेरी पुलासारखी असते. वरून उतरणारे आले की खालच्यांनी थांबायचे आणि खालचे निघाले की वरच्यांनी. ओल्या पायऱ्यांवर चिखलाचा थर बसलेला असतो, वारा अंगावरचे प्लास्टिकचे रेनकोट फडफडवत असतो, आणि कुणाचे पाय मध्येच थरथरू लागले तर त्याच्या खाली उभ्या असलेल्या माणसाला बाजूला सरकायला जागा नसते. एवढे करून वर पोहोचले, तरी भर पावसाळ्यात ढगांमुळे सूर्योदय बहुधा दिसतच नाही.

म्हणून माझे मत असे आहे, की जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत शनिवार-रविवारी आगाऊ नोंदणी सक्तीची करावी आणि दिवसाची कमाल संख्या ठरवावी. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३००० जणांची मर्यादा घालून ऑनलाइन नोंदणीची पद्धत राबवण्यात आली आणि तिथली व्यवस्था आसपासच्या गावांच्या समितीने वन विभागाच्या साथीने पाहिली. कळसूबाईलाही तसे करता येईल. स्थानिक ग्रामस्थ आणि देवीच्या दर्शनाला येणारे भाविक यांना अर्थातच सूट असावी.

घोटीकर

शिड्यांवरच्या कोंडीचे आपले वर्णन अचूक आहे. उपाय मात्र मला चुकीचा वाटतो, आणि त्याचा विरोध मी पूर्ण विचारांती करत आहे.

पहिला मुद्दा असा, की कास हे पठार आहे. तिथे जायला डांबरी रस्ता आहे आणि फुलांचा मुख्य भाग कुंपण-फाटकाने राखता येतो. डोंगराला फाटक नसते. कळसूबाई अकोले आणि इगतपुरी या दोन तालुक्यांच्या, म्हणजेच अहिल्यानगर आणि नाशिक या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर उभा आहे. बारीत मर्यादा घातली, की दुसऱ्या अंगाने, इगतपुरी तालुक्यातील इंदोरे गावाकडून, कमी वापराच्या वाटेने लोक चढू लागतील. तिकडे बारीसारखी चहाची टपरी, ये-जा आणि मदतीला धावणारी माणसे नसतात. धोका कमी होण्याऐवजी तो नजरेआड जाईल.

दुसरा मुद्दा नोंदणीचा. ऑनलाइन नोंदणी सुरू झाली, की सहली काढणारे व्यावसायिक आयोजक आठवडाभर आधीच जागा अडवून ठेवतील, हे सांगायला ज्योतिषाची गरज नाही. मागे राहील तो इगतपुरीला रेल्वेने उतरून, घोटीहून एसटी पकडून, स्वतःची शिदोरी घेऊन येणारा विद्यार्थी. गर्दी करणारा तो नाही. चाळीस-पन्नास जणांची एकेक बस, अशा अनेक बसगाड्या एकाच रात्री आणून ओतणारे वेगळे आहेत, आणि आपल्या योजनेत नेमके त्यांनाच झुकते माप मिळते.

तिसरी गोष्ट, इथून परत फिरवलेली माणसे घरी जात नाहीत. ती हरिहर किल्ल्यावर जातात, तिथे कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्यांवर एका वेळी एकाच माणसाला नीट पाय ठेवता येतो. किंवा रतनगड किल्ल्याच्या शिड्यांवर जातात. एका डोंगराचे ओझे दुसऱ्यावर टाकून आपण काय मिळवणार?

रात्रीची चढाई पावसाळ्यापुरती बंद करा, एवढे एक केले तरी अर्धा प्रश्न सुटेल. पहाटे उजाडल्यावर वाट उघडायची आणि दुपारी ठरावीक वेळेनंतर कुणाला वर सोडायचे नाही. संख्या मोजत बसण्यापेक्षा घड्याळ पाळणे सोपे आहे.

दगडवाट

घड्याळ पाळल्याने गर्दी पसरेल, हे पटते. पण ती मर्यादेत राहीलच, हे कशावरून? उलट, उजाडल्यावर वाट उघडली तर रात्रभर पायथ्याशी जमलेले सगळे एकाच क्षणी सुटतील.

गर्दीच्या बाबतीत आपल्याकडे दुर्घटना घडून गेल्यावरच जाग येते. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातल्या मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन जवळपास तीनशे भाविकांचा जीव गेला. अरुंद वाट, पायऱ्यांवर फोडलेल्या नारळांच्या पाण्याने झालेला निसरडेपणा आणि बाजूला व्हायला जागाच नसणे, यांतले काय कळसूबाईच्या पावसाळी शिडीवर नाही? इथे तर खाली मोकळा उतार आहे. मर्यादा हवी आणि ती आधी हवी.

घोटीकर

मांढरदेवीचा दाखला गंभीर आहे, म्हणूनच तो जपून वापरावा असे मला वाटते. तिथे पौर्णिमेच्या यात्रेला लाखोंचा समुदाय लोटला होता आणि आगही लागली होती. कळसूबाईच्या रविवारच्या गर्दीची त्याच्याशी बरोबरी होत नाही. साम्य आहे ते अरुंद जागेचे, आणि त्यावरचा इलाज अरुंद जागेवरच करायला हवा. प्रत्येक शिडीच्या वर आणि खाली एकेक प्रशिक्षित स्थानिक तरुण शिट्टी घेऊन उभा राहिला, दहा मिनिटे चढणारे आणि दहा मिनिटे उतरणारे असे त्याने सोडले, तर तीच शिडी सुरक्षित होते. उजाडताच सगळे सुटतील ही शंकाही त्याने मिटेल, कारण पायथ्यापासूनच गटागटाने सोडता येईल.

प्रवराकाठ

माझे माहेर या डोंगराच्या सावलीतल्या एका वाडीचे आहे. वरची सगळी चर्चा वाचताना एक जाणवले, की बारीच्या माणसाला काय हवे आहे हे अजून कुणी विचारलेले नाही.

आमच्याकडे जुलै हा आवणीचा महिना. घरातली सगळी माणसे गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपे लावत असतात, आणि त्याच दिवसांत शहरांतल्या गाड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, कधी थेट शेताच्या बांधावर, उभ्या राहतात. घोटी–राजूर रस्ता तुंबला की एसटी अडकते, आणि त्या एसटीत राजूरच्या दवाखान्यात निघालेली बाळंतीण असू शकते. हा त्रास खरा आहे. पण भात निघेपर्यंत घरात रोख पैसा येतो तो याच पाहुण्यांकडून. पिठलं-भाकरी, भजी, चहा, उकडलेले कणीस, लिंबू सरबत, गाडी लावण्याचे पैसे, वाटाड्याची मजुरी, यांवर कित्येक घरांचा पावसाळा निघतो. वाटेवर सरबताचे दुकान मांडणारी बाई पाण्याचा हंडा खालून डोक्यावर घेऊन चढलेली असते. शहरात बसून "दिवसाला अमुक इतकेच" असा आकडा लिहिताना तिची मिळकत किती घटेल, याचा हिशेब कुणी मांडला आहे का?

कळसूबाईची कथा आमच्याकडे अशी सांगतात, की कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली ती भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही या अटीवर. एके दिवशी तिला तेच काम करायला लावले, तेव्हा ती घर सोडून डोंगरावर गेली आणि तिथेच राहिली. आमच्या बायांना ही देवी आपली वाटते ती यामुळे. तिच्या डोंगराविषयीचा निर्णय गावाला डावलून झाला, तर गाव तो मानणार नाही. अकोले तालुक्याचा हा पश्चिमेकडचा आदिवासी पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो आणि १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला विशेष अधिकार दिलेले आहेत. आधी ग्रामसभा भरवा आणि मग आकडा ठरवा.

भाविकांना सूट द्या म्हणता, पण ओळखायचे कसे? मंगळवारी आणि गुरुवारी वर पूजा होते, ते दिवस तुमच्या मर्यादेबाहेर आहेत हे ठीक. परंतु पुण्यात नोकरीला गेलेला आमचा भाऊ रविवारीच येऊ शकतो, त्याच्या पाठीवर पिशवी असते आणि पायात बूट. तो भाविक की पर्यटक?

पानगळ

एक गोष्ट नोंदवतो, कारण इथे डोंगर म्हणजे जणू कुणाचेही मोकळे मैदान आहे असे धरून बोलले जात आहे. हा सगळा परिसर १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई–हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्याचा भाग आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ नुसार अभयारण्यात बाहेरच्यांच्या प्रवेशावर मुळातच निर्बंध आहे आणि पर्यटनासाठीची परवानगी कलम २८ खाली दिली जाते. तेव्हा मर्यादा घालण्याचा अधिकार आहे की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

माणसांच्या सुरक्षिततेवर इतके बोलणे झाले, पण शेकरू असलेल्या, मेअखेरीस काजव्यांनी उजळणाऱ्या या जंगलाच्या वतीने कुणी बोलले नाही. काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याच्या रस्त्यांवर गाड्यांचे दिवे रात्रभर जळत असतात. काजवा प्रकाशाने जोडीदार शोधतो. प्रखर उजेडात त्याचा संकेत हरवतो. त्यामुळे मर्यादा फक्त शिडीचा विचार करून ठरवली तर ती अपुरी राहील. मी तर रात्रीची वाहतूक वर्षभर नियंत्रित करावी या मताचा आहे.

सह्यवाट (धागालेखक)

प्रवराकाठ यांनी विचारलेला भाविक-पर्यटकाचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो, म्हणून आधी त्याचे उत्तर देतो. कुणाच्या श्रद्धेची तपासणी पायथ्याला होऊ नये. त्याऐवजी नोंदणीची सक्ती फक्त आयोजित गटांना, म्हणजे पैसे घेऊन माणसे आणणाऱ्यांना, लागू करावी. एकटा-दुकटा, कुटुंबासह येणारा, एसटीने येणारा यांना नुसती पायथ्याला नाव लिहिण्याची अट ठेवावी. यात घोटीकर यांच्या विद्यार्थ्याची जागाही शाबूत राहते आणि पुण्याहून येणाऱ्या भावाचीही.

मात्र आकडा सोडायला मी तयार नाही. शिट्टीवाले तरुण प्रवाह सुरळीत करतील, पण त्यांच्या हातून दर तासाला ठरावीकच माणसे शिडी पार करणार. त्याहून जास्त खाली जमली, तर उरलेली पावसात कुडकुडत उभी राहतील आणि संध्याकाळी अंधारात उतरतील. वर कुणाचा पाय मोडला, तर त्याला झोळीत घालून खाली आणायला त्याच शिड्या उतराव्या लागतात, आणि त्या वेळी त्या रिकाम्या असाव्या लागतात. शिडीची तासाची क्षमता गुणिले उजेडाचे तास, त्यातून उतरण्याचा वेळ वजा, असा साधा हिशेब पावसाळ्याच्या एखाद्या रविवारी प्रत्यक्ष उभे राहून करता येईल, आणि तो बारीच्या तरुणांनीच करावा. नोंदणीचे शुल्क वन विभाग आणि ग्रामसभा यांच्यात कसे वाटायचे, हेही तिथेच ठरावे.

घोटीकर

आयोजित गटांपुरती नोंदणी आणि त्यांच्या बसगाड्यांची संख्या ठरवणे, याला माझा विरोध नाही. एकट्या माणसावर आकड्याचे बंधन नको, यावर मी ठाम आहे. आणि इंदोऱ्याच्या वाटेचे उत्तर अजून आलेले नाही. नाशिक जिल्ह्याच्या बाजूने तोच नियम त्याच दिवशी लागू झाला नाही, तर बारीत परत फिरवलेली बस तासाभरात तिकडे उभी असेल.

प्रवराकाठ

इंदोऱ्याच्या ग्रामसभेलाही त्याच बैठकीला बोलवावे, एवढेच त्याचे उत्तर आहे. दोन्ही गावांत सोयरीक आहे, बोलणे अवघड नाही. पण बैठक आवणीत ठेवू नका. ती मे महिन्यात, अक्षय्यतृतीयेनंतर घ्या. तेव्हा माणसे घरी असतात आणि पाऊस सुरू होण्याआधी वाहनतळाची जागा आखायला वेळही मिळतो. बसगाड्या रस्त्यावर उभ्या करू द्यायच्या नाहीत, हे तरी त्या दिवशी नक्की ठरावे.