ग्राहक आला, बातमी बघून परत गेला

सी-२०४: नमस्कार सगळ्यांना. आमच्या फ्लॅटला जे लोक शुक्रवारी टोकन देणार होते त्यांनी आज नकार कळवला. कारण काय तर त्यांच्या मुलीने मोबाईलवर पुणे सिंहगड रोड टाकून बघितलं आणि समोर आला जुलै २०२४ चा व्हिडिओ, एकतानगरीत पाणी भरलंय, लोकांना बोटीतून काढतायत तो. मी म्हटलं अहो ते नदीकाठी, आपली बिल्डिंग रोडच्या या बाजूला कॅनॉलकडे चढावर, त्या दिवशी आमच्या पार्किंगमध्ये साधं डबकं नव्हतं. ते म्हणाले ताई तुमचं खरंच असेल हो, पण उद्या आम्हाला विकायचं झालं तर येणारा माणूसही आधी हेच बघणार ना. यावर मला काही बोलताच आलं नाही

डी-१०१: अरेरे 😔

ए-५०१: वाईट झालं ताई. आणि म्हणूनच सांगतो, काल इथे टँकरच्या पाण्याचा व्हिडिओ चॅनलवाल्यांना पाठवायचं चाललं होतं ते कृपा करून थांबवा. एकदा नाव आलं की आलं, मग पाणी सुरळीत झालं तरी ते कोणी दाखवायला येत नाही. इथे आठ-दहा जणांची उभ्या आयुष्याची कमाई हा एकच फ्लॅट आहे

बी-१०३: काका तुमच्याबद्दल आदर आहे पण माझी आई पंधरा दिवस पाणी उकळून पितेय. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएस या नसांच्या आजाराचे पेशंट निघाले नांदेड, किरकटवाडी, धायरीकडे, तेव्हा रोज बातम्या यायच्या म्हणून तर घरोघरी लोक विचारायला लागले की आपलं पाणी येतं कुठून, विहिरींचे नमुने गेले, खाजगी आरओ प्लांट सील झाले. भाव पडेल म्हणून तेव्हा सगळे गप्प बसले असते तर?

ए-३०४: माझ्या भावाचा धायरीतला फ्लॅट तेव्हा दोन महिने रिकामा राहिला, भाडेकरू फोनवरच नाही म्हणायचे. नंतर त्याच भाड्याने गेला. एवढंच सांगायचं होतं

बी-४०२: मी दस्ताच्या कामात आहे हे बहुतेकांना माहीत आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, रागावू नका. बातमीने भाव वाढतो किंवा पडतो असं आपण म्हणतो पण माझ्या बघण्यात आधी हलतो तो माणसाचा धीर, भाव फार मागून येतो. २०२० आठवा. मे-जूनमध्ये घरांच्या किमती कोसळणार असं जिकडेतिकडे येत होतं, माझे दोन क्लायंट ठरलेला सौदा सोडून थांबले. सप्टेंबरला सरकारने डिसेंबरअखेरपर्यंत स्टँप ड्युटी ३ टक्क्यांनी कमी केली, मग सवलत संपणार संपणार अशा बातम्या सुरू झाल्या आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तेच दोघं रजिस्ट्रार ऑफिसच्या रांगेत उभे. ड्युटी भरून ठेवली की दस्त नोंदवायला पुढे चार महिने मिळतात हे ऐकायलाही कोणी तयार नव्हतं. तीच माणसं, तेच फ्लॅट, सहा महिन्यांत मन इकडचं तिकडे.

आता आपल्या रोडचं घ्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये खडकवासला-स्वारगेट-हडपसर-खराडी मेट्रोला केंद्राची मंजुरी आली, त्याच आठवड्यात एजंट लोकांनी आपल्या भागातल्या जाहिराती बदलल्या. मंजुरी म्हणजे मेट्रो नव्हे, कामाला काही वर्षं जाणार, तोवर फ्लायओव्हरसाठी खणलेला रोड परत खणणार. एचसीएमटीआर हा शहरातला रिंग रोड १९८७ च्या डीपीत, म्हणजे विकास आराखड्यात आहे, त्याच्या बातम्या वाचून घेतलेली घरं आज नातवंडांच्या नावावर झाली असतील, रस्ता कागदावरच आहे

ए-५०१: पण भाव वाढलाच ना? परवा पेपरच्या पुरवणीत होतं पुण्यात घरं महागली म्हणून

बी-४०२: काका ते सरासरीचं असतं. खराडी, बाणेरला मोठे महाग फ्लॅट जास्त विकले गेले की शहराची सरासरी वर जाते, त्याने आपल्या बावीस वर्षं जुन्या टू बीएचकेला कोणी जास्त देत नाही. नोंदणी वाढली अशी बातमी असेल तर ती दस्तांची संख्या, भाव नव्हे. आणि पुरवणीच्या निम्म्या पानांवर बिल्डरच्याच जाहिराती असतात, हेही लक्षात ठेवून वाचायचं.

खरा आकडा बघायचा तर नोंदणी विभागाच्या साईटवर ई-सर्च आहे, मोफत. जिल्हा, गाव, वर्ष आणि आपला सर्व्हे नंबर टाकला की इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा दिसतो, त्यात मोबदला आणि बाजारभाव असे दोन रकाने असतात. बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरचा, सरकारने ठरवलेल्या दराचा हिशोब, मोबदला म्हणजे घेणाऱ्याने दस्तात दाखवलेली रक्कम. मी काल रात्री आपल्या आणि शेजारच्या दोन बिल्डिंगचे बघितले. पुरानंतरच्या वर्षात मोबदला पडलेला नाही, मेट्रोच्या बातमीनंतर वाढलेलाही नाही, स्क्वेअर फुटाला दोन-तीनशेचा फरक, तोही मजल्यामुळे. काही जण थोडी रक्कम वरून देतात त्यामुळे हा आकडा अगदी शंभर टक्के धरू नका, पण जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा कितीतरी जवळचा आहे. फरक पडला तो दुसरीकडे. पुरानंतर फ्लॅट विकायला जास्त महिने लागले

सी-२०४: हेच. मला भाव कमी मिळाला असता तर मी समजून घेतलं असतं, पण सात महिने झाले दर रविवारी घर आवरून लोकांची वाट बघतेय आणि तिकडे मुलाच्या फीची तारीख जवळ येतेय.

तरी काका मी बी-१०३ च्या बाजूने आहे. माझाच सौदा मोडला म्हणून सांगते. त्या लोकांना मी पूर आला नाही हे सांगू शकले पण टँकरचा विषय मी टाळला, विचारू नये असं मनात चाललं होतं, आणि ते त्यांना कळलं असणार, बाईंनी स्वयंपाकघरातला नळ दोनदा सोडून बघितला. आपण एक लपवतोय म्हटल्यावर दुसरं खरं सांगितलेलं तरी ते का मानतील? माणूस मग चॅनलचंच खरं धरणार, कारण आमच्याकडून त्याला पूर्ण काही मिळतच नाही. व्हिडिओ पाठवा नाहीतर नको, ते तुम्ही ठरवा, पण आधी वॉर्ड ऑफिसला लेखी द्या आणि नमुना लॅबला द्या

ए-५०१: लेखी द्यायला माझी हरकत नाही. सही करतो. चॅनलचं आठ दिवस थांबा एवढीच विनंती

बी-१०३: चालेल काका. आठ दिवस. नमुना उद्या सकाळी मी स्वतः घेऊन जातो

सी-२०४: रविवारी अकराला दुसरे एक जोडपं येतंय. मला या वर्षाची टँकरची बिलं आणि २०२४ च्या जुलैतले आपल्या गेटचे फोटो पाहिजेत, त्यांच्यासमोरच ठेवणार आहे. बी-४०२ दादा ते इंडेक्स टू प्रिंट करून द्याल का? सेक्रेटरी साहेब बिलं कुठे असतात?

बी-४०२: देतो ताई, शनिवारी

सेक्रेटरी: ऑफिसच्या कपाटात खालच्या खणात हिरवी फाईल. किल्ली वॉचमनकडे आहे. मार्चची दोन बिलं कमी आहेत, ती सप्लायरकडून मागवतो