चौदा वर्षांच्या मुलीला 'तू छान दिसतेस' सांगून उपयोग होत नाही. काय करावं?

निळी_शाई:
मुलगी चौदाची आहे. परवापरवापर्यंत घर डोक्यावर घेणारी. आता फोटोची वेळ आली की मोबाईल पटकन आपल्या हातात घेते, म्हणजे फोटो काढणारी तीच आणि फोटोत ती नाही. केस सतत चेहऱ्यावर ओढलेले. वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नाही, असं तिच्या बाईंनी सांगितलं. का, तर 'सगळे वळून बघतात'. नाक मोठं, कपाळावर पुटकुळ्या, मैत्रिणींपेक्षा जाड, ही तिची यादी. मी 'छान दिसतेस गं' म्हटलं की 'तू आई आहेस, तू असंच म्हणणार'. 'रूपापेक्षा मन सुंदर असावं लागतं' म्हटलं की दार आपटून खोलीत.

दोन गोष्टींवर सल्ला हवाय. घरात काय बोलावं, काय टाळावं? आणि तिच्या वयाच्या मुली रविवारी जमतात, त्यांच्यासोबत तासाभराचं काही घ्यावं असं आम्हा काही आयांच्या मनात आहे. व्याख्यान नको. करून पाहिलेलं सुचवा.

भरतीओहोटी:
मैदानावर पाठवा, मोबाईल काढून घ्या. वयच तसं असतं, जाईल निघून.

कुंपणावरची:
निघून जातं काका, पण त्यात पाच-सहा वर्षं जातात आणि ती वर्षं नेमकी हात वर करायची असतात. मी वीसची आहे, त्यामुळे हे सगळं ताजं आहे.

निळीताई, दार का आपटलं जातं ते सांगते. ती म्हणते नाक मोठं आहे. तुम्ही म्हणता मन महत्त्वाचं. तिला काय ऐकू येतं? 'म्हणजे नाक मोठं आहेच.' मनाचं सौंदर्य हे उत्तेजनार्थ बक्षीस होऊन बसतं, पहिला नंबर न आलेल्यांना देतात ते. म्हणून दिसण्याच्या तक्रारीवर उत्तर म्हणून ही गोष्ट काढूच नका. एरवी काढा, तिने काही केलं असेल तेव्हा, आणि नेमकी काढा. 'तू खूप गुणी आहेस' हे आमच्या कानावरून जातं. 'धाकट्याला तीच बेरीज चौथ्यांदा समजावताना तू आवाज चढवला नाहीस' हे लक्षात राहतं. यात सौंदर्य हा शब्दच नाही, पण पोचायचं ते पोचतं.

आणि पुटकुळ्यांसाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या हो! 'वयाचं आहे' हे खरं असलं तरी त्यावर औषध आहे. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, तेवढं आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती दहाव्या दिवशी ट्यूब फेकून देईल. फोडू नये हेही डॉक्टरांनीच सांगितलेलं बरं, आईचं कोण ऐकतं. अंतर्मनाच्या गप्पा मारायच्या आणि हातातलं औषध द्यायचं नाही, याचा मला फार राग यायचा.

अक्षांश:
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते, म्हणून थोडं लांबण लावते.

नाकाबद्दल आधी. ती स्वतःचं नाक बघते कुठे? बहुतेक सेल्फीत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचं गणितच मांडलं होतं. बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं. पाच फुटांवरून काढला की हा फरक जवळपास उरत नाही. घरी करून बघा: हातभर अंतरावरून एक फोटो, पाच-सहा फुटांवरून झूम करून दुसरा, आणि दोन्ही शेजारी ठेवा. आधी तुमचे फोटो तिला काढू द्या. तिला आपलं नाक दाखवायला लावू नका, ती आपणहून वळेल तिकडे. यात 'तू सुंदर आहेस' म्हणायचं कामच नाही, भूमिती आपलं काम करते.

'फोटोत मी कुणीतरी भलतीच दिसते' ही तक्रारही नेहमीची. आपण आपला चेहरा आरशात उलटा बघतो आणि तोच सवयीचा होतो. १९७७ मधल्या एका प्रयोगात लोकांना स्वतःची आरशातल्यासारखी प्रतिमा जास्त आवडली, तर त्यांच्या मित्रमैत्रिणींना सुलटा फोटो. म्हणजे तिला जो चेहरा खटकतो, तोच मैत्रिणींच्या ओळखीचा आणि आवडीचा असतो.

'सगळे बघतात' याबद्दल. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्येच लिहिलं होतं की या वयात मुलं कायम काल्पनिक प्रेक्षकांसमोर वावरत असतात. मोठ्यांचंही फारसं वेगळं नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टीशर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, जवळपास निम्म्या लोकांनी पाहिलं असेल. प्रत्यक्षात ज्यांच्या लक्षात आलं ते चौथ्या हिश्श्याच्या आसपास. ही गोष्ट मी मुलींना सांगते तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही. मग विचारते, काल तुमच्या बाईंनी कोणत्या रंगाचे कपडे घातले होते? वर्गात भांडण सुरू होतं.

एक गोष्ट मात्र करू नका. आरशावर 'मी सुंदर आहे, मी लाडकी आहे' अशा चिठ्ठ्या लावायचा सल्ला सर्रास मिळतो. २००९ साली कॅनडातल्या संशोधकांनी अशी वाक्यं लोकांना मनात म्हणायला लावली, तेव्हा ज्यांचं स्वतःबद्दल मत आधीच वाईट होतं त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. वाक्य आणि मनातला समज यांचं भांडण लागतं आणि समज जिंकतो.

भरतीओहोटी:
आमच्या वेळी ना चिठ्ठ्या होत्या ना प्रयोग. पोरी व्यवस्थित वाढल्या. हे सगळं हल्ली डोक्यात भरवलेलं आहे. (हलके घ्या.)

अक्षांश:
भरवलेलं आहे, हे एकदम मान्य. :) कुणी भरवलं ते बघू. फिजी बेटांवरच्या एका भागात टीव्ही पोचला १९९५ साली. ॲन बेकर यांनी तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी टीव्ही आल्यावर लगेच केली आणि पुन्हा १९९८ मध्ये. वजन आटोक्यात ठेवायला उलटी काढणाऱ्या मुली पहिल्या पाहणीत एकही नव्हत्या, दुसऱ्या पाहणीत ११.३ टक्के होत्या. आणि तिथे भरलेलं अंग चांगलं मानायची रीत होती! तो तर नुसता टीव्ही, त्यातली माणसं परकी. आता मोबाईलमध्ये शेजारच्या बाकावरची मैत्रीण फिल्टर लावून येते. म्हणून मोबाईल हिसकावण्यापेक्षा तिच्यासोबत बसून कोणती खाती बघितल्यावर चिडचिड होते ते तिलाच ठरवू द्या आणि ती बंद करू द्या. हिसकावलेला मोबाईल मैत्रिणीच्या घरी मिळतोच.

चष्मेवाला_बाबा:
बापांना कुणी विचारलेलं नाही, तरी लिहितो. आमच्याकडे एक नियम आहे: घरात कुणाच्याही अंगावर शेरा मारायचा नाही. जाडी, रंग, उंची, टक्कल, काहीही. टीव्हीतल्या बाईवरसुद्धा नाही आणि स्वतःवरही नाही. आरशासमोर उभं राहून 'किती सुटलेय मी' म्हणणं बंद. मुलगी ते ऐकून स्वतःचं माप काढत असते. नियम सगळ्यात जास्त वेळा आजोबा मोडतात.

दुसरं, धीटपणा बोलून येत नाही, लहानसहान कामं एकटीने निभावून येतो. माझ्या मुलीच्या दप्तराची चेन पहिल्याच आठवड्यात तुटली. म्हटलं, तूच बोल दुकानदाराशी. ती काउंटरपाशी इतकं हळू बोलली की त्याने 'काय?' म्हणून कान पुढे केला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईलमध्ये डोकं घातलं. दुसऱ्यांदा बोलली ती बिल पुढे सरकवून, पूर्ण वाक्यात. दप्तर बदलून मिळालं. बाहेर आल्यावर मी शाबासकी वगैरे दिली नाही, पुढच्या वेळी फॉर्म भरायला तिलाच पाठवलं.

निळी_शाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. फोटोंचा प्रयोग केला. तिने टेप आणून अंतर मोजलं. माझ्या पहिल्या फोटोला इतकी हसली की मलाच राग आला. स्वतःचे फोटो तिने खोलीत जाऊन काढले, मला दाखवले नाहीत. मी विचारलंही नाही.

एक काळजी आहे. अलीकडे रात्री 'भूक नाही' म्हणून उठते. हे मनावर घ्यायचं का? आणि रविवारच्या तासाचं कुणीच बोललं नाही.

अक्षांश:
एखाद्या रात्रीचं मनावर घेऊ नका, ओळीने होत असेल तर घ्या. वयात येताना मुलींचं वजन आणि अंगावरची चरबी वाढते. ती वाढायलाच हवी, हे तिला कुणीतरी सरळ शब्दांत सांगायला हवं. रोज वजनकाट्यावर उभं राहणं नको. पण जेवणं चुकवणं, जेवल्याजेवल्या बाथरूमचं दार लावणं, सुरू झालेली पाळी थांबणं, तासन्‌तास आरसा किंवा त्याची भीती, चेहऱ्यापायी शाळा बुडवणं, अंगावर जखमांचे व्रण, यातलं काहीही दिसलं तर धाग्यावर विचारत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

रविवारसाठी: एरिक स्टाइस आणि सहकाऱ्यांनी शाळकरी मुलींसाठी तयार केलेल्या उपक्रमातला एक भाग मला फार कामाचा वाटतो. मुलींना उपदेश करायचा नाही, उपदेश त्यांनाच करायला लावायचा. 'तुमच्याहून लहान मुलगी दिसण्यावरून खट्टू झालीय, तिला पत्र लिहा. अमुकसारखं दिसण्याच्या मागे लागलं तर काय काय हातचं जातं ते सांगा.' आपण आपल्या शब्दांत एखादी गोष्ट पटवून द्यायला लागलो की ती आपल्यालाही थोडी पटत जाते, यावर सगळी मदार आहे. त्याला जोडून, शरीर कसं दिसतं याऐवजी ते काय काय करतं याची दहा मिनिटं यादी. पहिल्या मिनिटात 'चालतं, पळतं' संपतं, खरी मजा नंतर येते. एका मुलीने लिहिलं होतं, 'माझे कान आईच्या पावलांवरून तिचा मूड ओळखतात.'

'प्रत्येकीने शेजारणीबद्दल एक छान गोष्ट सांगा' हा खेळ टाळा. 'तुझे केस मस्त आहेत' वर गाडी अडकते. घ्यायचाच तर दिसण्याबद्दल बोलायची बंदी करा आणि घडलेला प्रसंगच सांगायचा अशी अट घाला.

कुंपणावरची:
पत्र मोठ्याने वाचायची सक्ती नको. आणि आया दारापाशी खुर्च्या टाकून बसणार असतील तर तास न घेतलेलाच बरा. वीस-बावीसची एखादी ताई शोधा, तिला मुली खरं सांगतील.

निळी_शाई:
माझी भाची आहे, तिला विचारते. चष्मेवाले बाबा, आमच्याकडेही एक आजोबा आहेत. तुमच्या आजोबांचं काय केलंत?

चष्मेवाला_बाबा:
दंड लावला. एका शेऱ्यामागे नातीसोबत बुद्धिबळाचा एक डाव. ते हरतात, त्यामुळे शेरे बरेच कमी झालेत.