मदत हवी: ट्रेलरची स्टेपनी कुठं बसवू? शनिवारी निघायचंय

जांबोटीचा_पाऊस
गेल्या रविवारी कणकुंबीच्या अलीकडं ट्रेलरचं डावं चाक बसलं. स्टेपनी आत, गादीखाली. भर पावसात गादी, भांडी, पोरांच्या पिशव्या सगळं रस्त्याकडेला काढलं तेव्हा कुठं ती हाताला लागली. आता बाहेर लावायची हे नक्की. कुठं लावू तेवढं सांगा. वेल्डर गुरुवारी येतोय, शनिवारी चोर्ला घाटातून गोव्याला जायचंय.

निपाणीकर
ट्रेलर म्हणजे उसाचा का? आमच्याकडं ट्रॉलीला स्टेपनी कोण ठेवतंय. पंक्चर झालं की चाक काढायचं, मागून येणाऱ्याच्या ट्रॅक्टरवर टाकायचं, पंक्चर काढून आणायचं. तोवर ट्रॉलीखाली दगड.

जांबोटीचा_पाऊस
उसाचा नाही वो. कॅम्पिंगचा. छोटा, दोघंतिघं झोपतात.

डोंगरवेडा
मागं लाव, विचार कसला करतोस! जीपला मागंच असते की. दिसायला पण भारी दिसतं. माझ्या जिप्सीला वीस वर्षं मागंच आहे.

उद्यमबाग_फिटर
जिप्सीला चार चाकं आहेत मर्दा, ट्रेलरला दोन. वजन मागं गेलं की हुकवरचा, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो तिथला, भार कमी होतो, आणि उतारावर वेग धरला की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. जांबोटीचा_पाऊस, एवढं सांगा: गाडी कुठली, ट्रेलरचं एकूण वजन किती, हुकपासून ॲक्सल किती लांब, हुकवर भार किती, चाक कुठलं.

जांबोटीचा_पाऊस
बोलेरो. बाकीचं कुणी मोजलंय?

टिळकवाडी_काकू
आमच्या ह्यांनी असाच ट्रेलर करायचा म्हणून चार वर्षं लोखंड अंगणात ठेवलंय. त्यावर आता कारल्याचा वेल चढलाय. तुमचा निदान रस्त्यावर तरी आला.

नियमावाला
स्टेपनी लागतच नाही. 2020 मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला, नऊ सीटपर्यंतच्या गाडीला स्टेपनीची सक्ती नाही. आणि ट्रेलरचं पासिंग झालंय का? बेळगावला के ए 22 मध्ये का चिकोडीला के ए 23 मध्ये?

उद्यमबाग_फिटर
तो नियम प्रवासी गाड्यांचा. त्यातही टायरची हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट गाडीत असेल तरच. कणकुंबीच्या जंगलात साईडवॉल, म्हणजे टायरची बाजू, फाटली तर किटनं काय करणार?

जांबोटीचा_पाऊस
पासिंगचं मी विचारलं नाही. स्टेपनीचं विचारलंय.

नियमावाला
म्हणजे झालेलं नाही.

लोंढा_जंक्शन
खाली लाव. इनोव्हाला असते तशी, साखळीनं वर ओढून घ्यायची. वजन ॲक्सलजवळ, चोराला दिसत नाही, कुठली जागा अडत नाही. माझं ऐक.

डोंगरवेडा
आणि पंक्चर झाल्यावर? ट्रेलर एका बाजूला बसणार, खाली चिखल, आणि तू त्याच्यात झोपून साखळी सोडवणार. इनोव्हा तेवढी उंच असते. हा ट्रेलर किती उंच आहे ते त्यानं सांगितलंय का?

जांबोटीचा_पाऊस
चासी जमिनीपासून नऊ इंच. चाकं अल्टोची जुनी, 12 इंची.

लोंढा_जंक्शन
मग राहू दे. नऊ इंचात ते चाक अडकवलं तर जांबोटीच्या पहिल्याच खड्ड्याला घासेल.

जांबोटीचा_पाऊस
दुपारी मोजून आलो. बायकोचा वजनकाटा घेतला, त्यावर लाकडाचा ठोकळा, त्यावर हुक. 38 किलो. हुक ते ॲक्सल 2.4 मीटर. एकूण वजन 420, भंगारवाल्याच्या काट्यावर बघितलं होतं. स्टेपनी डिस्कसकट 12 किलो, ती बाहेर ठेवून मोजलं. वजनकाटा आता घरात शिव्या खातोय.

उद्यमबाग_फिटर
हे झकास केलंत. आता बघा. हुकवर एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार असावा, आत्ता तुमचा नऊ आहे. स्टेपनी ॲक्सलच्या 1.3 मीटर मागं लावली तर हुकवरचे साडेसहा किलो उचलले जाणार. राहिले साडेएकतीस, म्हणजे सव्वासात टक्के. चोर्ल्याच्या उतारावर मी तसा ट्रेलर ओढणार नाही. तीच पुढं त्रिकोणी चासीवर, हुकपासून दोन फुटांवर लावली तर नऊ किलो वाढतील. 47. जवळपास अकरा टक्के. पुढं लावा, विषय संपला.

डोंगरवेडा
सहा किलोनं काय शेपूट हलतंय. मागं एक पाण्याचा कॅन कमी ठेव, झालं.

उद्यमबाग_फिटर
कॅन पितापिता रिकामा होतो. स्टेपनी होत नाही.

जांबोटीचा_पाऊस
मागं तसंही लावता येत नाही. मागचं झाकण वर उघडतं, तिथं ओटा आणि शेगडी आहे.

डोंगरवेडा
अरे, मग हे आधी सांगायचं की! दोन दिवस मी मागं मागं म्हणून बोंबलतोय.

जांबोटीचा_पाऊस
मागं ओटा असतोच की अशा ट्रेलरला. मला वाटलं माहीत असेल.

टिळकवाडी_काकू
ओट्यावर ट्रे सरकू नये म्हणून काठ लावलाय का? आणि पावसात झाकणाला ताडपत्री कशी बांधता? आमच्या ह्यांना दाखवायचंय.

निपाणीकर
कोल्हापुरात एक दुकान आहे, तयार स्टँड मिळतो. गुरुवारच्या आधी जाऊन ये.

उद्यमबाग_फिटर
एका स्टँडसाठी कोल्हापूर? बेळगावात उद्यमबाग असताना? इथल्या फाउंड्र्यांतून कुठले कुठले पार्ट जातात. दोन चॅनलचे तुकडे आणि तीन बोल्ट, अल्टोच्या डिस्कच्या होलात बसणारे. तास दीड तासाचं काम.

लोंढा_जंक्शन
आणि चोर्ल्यातून कशाला? अनमोडनं जा. आमच्यावरून जाशील, चहा देतो.

जांबोटीचा_पाऊस
पुढं लावायचं म्हणताय, खरं बोलेरोचा मागचा दरवाजा बाजूला उघडतो, आणि त्याच्यावरच गाडीची स्वतःची स्टेपनी आहे. ट्रेलर जोडलेला असताना दरवाजा त्रिकोणावरून फिरतो. तिथं चाक उभं केलं की धडकणार.

उद्यमबाग_फिटर
हे कालच सांगितलं असतं तर! उभं नको, आडवं लावा. गाडीच्या दरवाजाची खालची कड जमिनीपासून किती ते मोजा, आडव्या टायरची वरची बाजू त्याच्या चार बोटं खाली राहू दे. स्टँडची उंची तिथूनच ठरवा. शिवाय गाडी पूर्ण वळवून, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, बंपर टायरला लागत नाही ना बघा. वेल्डर आला की नुसता टाका मारायला लावा, गाडी वळवून बघा, मगच पक्कं करा. पुढचं छोटं चाक आणि हँडब्रेक असेल तर त्याचा दांडा अडायला नको.

नियमावाला
मागची नंबरप्लेट आणि दिवे तरी मोकळे राहिले.

जांबोटीचा_पाऊस
(शुक्रवार, रात्री) झालं. आडवी बसवली. दरवाजा तीन बोटांवरून जातोय, चार नाही जमली. वळवून बघितलं, लागत नाही. हुकवर आता 46 किलो. एका बोल्टला कुलूप घातलंय. फिटरसाहेब, लई उपकार.

टिळकवाडी_काकू
फोटो टाका की. ओट्याचा पण.

उद्यमबाग_फिटर
बोलेरोचा पाना अल्टोच्या नटाला बसतो का बघितलंत? आणि चाक बसलेलं असताना जॅक ट्रेलरच्या खाली जातो का?

जांबोटीचा_पाऊस
रविवारी एका टेंपोवाल्यानं दोन्ही दिलं होतं. थांबा, टॉर्च घेऊन येतो.