उसाच्या रसाचा सामू: चुना किती घालायचा?

संकेश्वर_गुऱ्हाळ: गुळाच्या रसात चुना मुठीनं न घालता सामू (pH, म्हणजे आंबटपणाचा आकडा) बघून घालायचा म्हणतोय. १ ते १४ ची पट्टी आणली, पण चुन्याआधी आणि नंतर रंग सारखाच दिसतो. ढेप मऊ राहते, पावसात पाझरते. हळदीच्या कागदावर कळेल काय? काहिलीत (रस आटवायच्या कढईत) ८०० लिटर रस असतो.

निपाणीकर: हळद सोडा ओ. ती सामू ८ च्या आसपास गेल्यावरच लाल होते, तोवर गूळ काळा पडायची तयारी झालेली असते. पट्टी ५ ते ७.५ अशा अरुंद टप्प्याची घ्या. रस फडक्यातून गाळा, गार करा, मगच बुडवा; गढूळ रसाचा रंगच पट्टीवर बसतो.

ताजा रस साधारण ५.२ ते ५.५ असतो. तसाच उकळला की साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं, ते ओल ओढतं. ६.२ ते ६.५ वर आणून थांबा. ७ च्या पुढं तेच ग्लुकोज-फ्रुक्टोज मोडून रंग काळपट होतो.

५० ग्रॅम विझवलेला चुना १ लिटर पाण्यात कालवून गाळा. १ लिटर रसात सिरिंजनं एकेक मिली घालत तपासा, दरवेळी चुना ढवळून घ्या. ४ मिलीला ६.४ आला तर काहिलीला ३.२ लिटर. आधी २.४ घाला, ढवळून मोजा, मग बाकीचा.

रसायन_खानापूर: हा हिशेब चुन्याच्या निवळीला लावू नका. वरच्या स्वच्छ निवळीत लिटरला जेमतेम दीड ग्रॅम चुना असतो. तेवढ्याच कामाला तीसपट पाणी जाईल आणि ते आटवण्यात चिपाड संपेल. मळी (उकळताना वर येणारा गाळ) काढल्यावर सामू पुन्हा बघा, उकळीत तो थोडा उतरतो. सामू मीटर असेल तर ४ आणि ७ च्या बफरवर (ठरलेल्या सामूच्या द्रावणावर) लावून घ्या. मीटरची काडी गरम रसात नको, आणि लगेच धुवा, साखर वाळली की आकडे भरकटतात.

संकेश्वर_गुऱ्हाळ: ऊस तोडून दोन-तीन दिवस पडला असेल तर?

निपाणीकर: मग जीवाणूंनी आम्ल केलेलंच असतं. चुन्यानं आम्ल मरतं, फुटलेली साखर जुळत नाही. त्याची काकवी करा, १०५-१०६ अंशाला उतरवा. तिथं उलट किलोला ०.४ ग्रॅम सायट्रिक आम्ल घालतात, म्हणजे बाटलीत खडे धरत नाहीत.